पडद्यावरची रेघ : विभाजित चित्रचौकट आणि समकालिकतेचा प्रश्न

१

एकाच क्षणी दोन ठिकाणी घडणाऱ्या घटना कशा सांगाव्यात, हा निवेदनमीमांसेतील एक जुना प्रश्न आहे. लेसिंगने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्या सीमा आखताना असे प्रतिपादन केले, की चित्राचे माध्यम अवकाशात शेजारी-शेजारी असलेले आकार हे असते, तर काव्याचे माध्यम काळात एकामागून एक उमटणारे ध्वनी हे असते. या भेदातून निघणारा निष्कर्ष कथनकाराच्या दृष्टीने अडचणीचा आहे. दोन घटना एकाच वेळी घडल्या असल्या तरी त्याला आधी एक सांगावी लागते व नंतर दुसरी. आणि दुसरी सांगताना, ती पहिलीनंतरची नसून पहिलीच्याच वेळची आहे, हे निराळे बजावावे लागते.

मराठी कथनपरंपरेत हे काम 'इकडे' हा साधा शब्द करीत आला आहे. बखरकार एका छावणीतील मसलत सांगून झाली, की 'इकडे' म्हणून दुसऱ्या छावणीकडे वळतो. कीर्तनकार आणि घरातील गोष्ट सांगणारी आजीही तेच करतात. शब्द स्थलवाचक आहे, त्याचे कार्य मात्र कालवाचक आहे. तो उच्चारताच श्रोता एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, आणि कथेतील काळ कोणी न सांगता थोडा मागे सरकतो. काळाची अडचण स्थळाच्या साह्याने सोडविण्याची ही युक्ती इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती युक्ती आहे हेही जाणवत नाही.

चित्रपटाची स्थिती या दोन्ही कलांहून वेगळी आहे. पट्टीवर चौकटीमागून चौकट सरकते, म्हणून तो भाषेप्रमाणे अनुक्रमाने बांधलेला आहे. परंतु त्यातील प्रत्येक चौकट चित्राप्रमाणे अवकाशव्यापी आहे. त्यामुळे 'इकडे' म्हणण्याचे दोन मार्ग त्याला प्रथमपासून खुले होते : एका स्थळावरून दुसऱ्यावर आलटून-पालटून जाणे, किंवा चौकटीतच रेघ ओढून दोन्ही स्थळे शेजारी मांडणे. पहिला मार्ग चित्रपटाचे व्याकरण ठरला. दुसरा, म्हणजे विभाजित पडद्याचा मार्ग, मधूनमधून प्रकट होत आणि पुन्हा लुप्त होत राहिला. या दुसऱ्या मार्गाचा इतिहास सामान्यतः तांत्रिक करामतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो एका प्रश्नाचा इतिहास आहे : घटनांचा क्रम लावण्याचे काम कोणी करावयाचे, सांगणाऱ्याने की पाहणाऱ्याने?

२

चौकट विभागण्याचे तंत्र प्रथम रेघ लपविण्यासाठीही वापरले गेले आणि दाखविण्यासाठीही, आणि या दोन्ही उपयोगांची उदाहरणे १८९८ या एकाच वर्षातील आहेत. त्या वर्षी मेलिएसने 'अन ओम द तेत' या चित्रपटात स्वतःचे मस्तक उतरवून मेजावर ठेवणारा जादूगार उभा केला. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रण करावयाचे, पट्टी मागे गुंडाळावयाची आणि न उमटलेल्या काळ्या भागावर दुसरे चित्रण करावयाचे, ही त्याची रीत. येथे जोड दिसली तर जादू फसली. पुढे चौकटीचा अर्धा भाग आच्छादनाने झाकून दोनदा चित्रण करण्याची पद्धत रूढ झाली आणि तिच्यामुळे एकच नट दोन भावांच्या भूमिकांत स्वतःशी बोलू लागला. हिंदी चित्रपटातील दुहेरी भूमिकांचा मोठा संप्रदाय याच अदृश्य रेघेचा ऋणी आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जी. ए. स्मिथने 'सांता क्लॉज' या चिमुकल्या चित्रपटात उलटा प्रयोग केला. मुले झोपलेली आहेत, आणि खोलीच्या काळोख्या भागात एका वर्तुळात छपरावर आलेला सांता क्लॉज दिसतो. वर्तुळाची कड लपविलेली नाही. ती कड म्हणजेच 'इकडे' आणि 'तिकडे' यांमधील अक्षरे आहेत. मात्र ही समकालिकता अजून संदिग्ध आहे. वर्तुळात दिसते ते छपरावर खरोखर घडते आहे की मुलांच्या स्वप्नात, असा प्रश्न विचारता येतो. रेघेला नेमका अर्थ मिळण्यासाठी दोन दूरच्या स्थळांना खरोखर जोडणारी एखादी वस्तू कथेत यावी लागणार होती.

३

ती वस्तू म्हणजे दूरध्वनी. एडविन पोर्टरच्या 'कॉलेज चम्स' (१९०७) मध्ये दूरध्वनीवर बोलणारे स्त्री-पुरुष शहराच्या देखाव्यावर दोन वर्तुळांत दिसतात आणि त्यांच्या शब्दांची अक्षरे एका वर्तुळाकडून दुसऱ्याकडे हवेतून चालत जातात. दोन वर्षांनी ग्रिफिथने 'द लोनली व्हिला' (१९०९) मध्ये तीच वस्तू घेऊन वेगळा मार्ग चोखाळला. दरोडेखोर घरात शिरू पाहत आहेत, पत्नी दूर असलेल्या पतीशी बोलते आहे, तार कापली जाते. ग्रिफिथ दरोडेखोर, पत्नी आणि पती यांच्यात आळीपाळीने फिरतो आणि फेऱ्यांची गती वाढवीत नेतो. आयझेन्स्टाइनने १९४४ च्या प्रसिद्ध निबंधात ग्रिफिथच्या या पद्धतीचे मूळ डिकन्सच्या कादंबरीत दाखविले. म्हणजे हा मार्ग साहित्याकडून आलेला होता.

लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांच्या 'सस्पेन्स' (१९१३) ची कथा जवळजवळ हीच आहे : एकाकी घर, तान्हे मूल घेऊन असलेली पत्नी, आत शिरणारा भटक्या, कचेरीतील पती. परंतु निर्णायक क्षणी वेबर चौकटीत तिरप्या रेघा ओढून तिचे तीन त्रिकोणी भाग करते. एका भागात भटक्या, एका भागात पत्नी, मध्ये पती. तिघांपैकी कोणालाही संपूर्ण परिस्थिती दिसत नाही. ती केवळ प्रेक्षकाला दिसते. ग्रिफिथच्या प्रेक्षकाला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. त्याची भीती 'आता काय होईल' या स्वरूपाची आहे. वेबरच्या प्रेक्षकाला सारे आधीच ठाऊक आहे आणि त्याचे ज्ञान निरुपयोगी आहे. एकाच कथाबीजातून निर्माण झालेल्या या दोन भीती भिन्न जातीच्या आहेत, आणि त्यांतील अंतर केवळ रेघेच्या असण्या-नसण्याने पडलेले आहे. पुढे पती मोटार पळवून घराकडे धाव घेतो, तेव्हा वेबरही आलटून-पालटून संकलनाकडे वळते. पाठलागाला अनुक्रम हवा असतो. असहायतेला विभाजन अधिक मानवते.

४

आबेल गान्सच्या 'नेपोलियन' (१९२७) मध्ये विभाजनाची महत्त्वाकांक्षा पराकोटीला गेली. शाळेतील उशांच्या मारामारीत चौकटीचे नऊ तुकडे होतात, तर अखेरीस तीन प्रक्षेपकांनी तीन पडदे शेजारी-शेजारी उजळतात आणि चित्राची रुंदी उंचीच्या चौपट होते. येथे 'तिकडे'चा निर्देश नाही. एका व्यक्तीच्या इतिहासव्यापी भव्यतेचा घोष आहे. मूकपटाचा काळ संपत आला होता आणि तीन प्रक्षेपकांची योजना चित्रपटगृहांना झेपणारी नव्हती, त्यामुळे हा प्रयोग परंपरा बनू शकला नाही.

पुढील दोन दशकांत या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले, ते खोल दृश्यक्षेत्राच्या छायाचित्रणातून. आंद्रे बाझॅंने विल्यम वायलरच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) मधील मद्यगृहाच्या प्रसंगाचे केलेले विवेचन येथे महत्त्वाचे ठरते. समोर पियानो वाजविला जात आहे. मागे, दूरच्या कोपऱ्यात, एक पात्र दूरध्वनीच्या कपाटात उभे राहून आपले प्रेमसंबंध तोडत आहे. कथेतील महत्त्वाची घटना मागची आहे, आणि दृश्यात मात्र पियानो मोठा आहे. प्रेक्षकाने कोठे पाहावे हे त्याच्यावर सोपविलेले असल्याने वास्तवाची अनेकार्थता टिकते, अशी बाझॅंची भूमिका होती. रेघेविना समकालिकता साधणारी ही रीत आहे. परंतु तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत : दोन्ही घटना एकाच छताखाली असाव्या लागतात. कॅमेऱ्याची नजर कितीही खोल गेली तरी लंडनमधून पॅरिसपर्यंत पोचत नाही.

लंडन आणि पॅरिस यांना स्टॅनली डोनेनने 'इनडिस्क्रीट' (१९५८) मध्ये शेजारी आणले, ते अगदी निराळ्या कारणासाठी. नायक-नायिका दोन शहरांत, दोन बिछान्यांवर पडून दूरध्वनीवर बोलत आहेत. पडद्यावर मात्र दोन्ही बिछाने एकमेकांना भिडलेले दिसतात. पुढच्याच वर्षी 'पिलो टॉक' मध्ये दूरध्वनीच्या एकाच तारेवर दोन घरांच्या जोडण्या असल्याने भांडणारे स्त्री-पुरुष आपापल्या न्हाणीघरात टबमध्ये पहुडलेले दिसतात आणि मधल्या रेघेवर त्यांची पावले जणू एकमेकांना टेकतात. हॉलिवुडची चित्रनियमावली त्या वेळी अमलात होती. त्यामुळे या रेघेला दोन विरुद्ध कामे एकाच वेळी करावी लागली : नियमांपुढे ती भिंत होती आणि प्रेक्षकापुढे ती भिंत नव्हती. काव्यशास्त्रातील श्लेषाशी या रचनेचे नाते जवळचे आहे. एकच चिन्ह दोन वाचकांसाठी दोन अर्थ बाळगते, आणि त्यांपैकी एक अर्थ नेहमीच निरुपद्रवी असतो.

५

१९६६ ते १९७० या काळात रेघांची संख्या एकाएकी वाढली. अँडी वॉरहॉलच्या 'चेल्सी गर्ल्स' (१९६६) मध्ये बारा रिळे दोन-दोन करून शेजारी दाखविली जात. दोन्ही बाजूंना चित्र चाले, आवाज मात्र सामान्यतः एकाच बाजूचा ऐकू येई. १९६७ च्या मॉन्ट्रियल प्रदर्शनात क्रिस्टोफर चॅपमनच्या 'अ प्लेस टू स्टँड' या लघुपटाने ओंटारिओ प्रांताचे दर्शन एका वेळी पंधरापर्यंत चित्रतुकड्यांतून घडविले. लगेच १९६८ मध्ये 'द थॉमस क्राउन अफेअर' आणि 'द बॉस्टन स्ट्रँगलर' या कथापटांनी, आणि १९७० मध्ये 'वुडस्टॉक' या अनुबोधपटाने हे तंत्र उचलले.

हे सर्व ऑप्टिकल प्रिंटरवर घडत होते, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक तुकड्यासाठी आच्छादन तयार करावयाचे, मूळ चित्रण त्यातून नव्या पट्टीवर उमटवावयाचे, पट्टी मागे गुंडाळून पुढचा तुकडा घ्यावयाचा. एखादा तुकडा चार चौकटी उशिरा सुरू व्हावा असे वाटले, तर सारे पुन्हा करावयाचे. परिणाम डोळ्यांनी पाहण्यापूर्वी तो कागदावर ठरवावा लागे. रेघ महाग होती, म्हणून ती विचारपूर्वक ओढली जाई.

रिचर्ड फ्लायशरच्या 'द बॉस्टन स्ट्रँगलर' मध्ये या विचाराचे फळ दिसते. एका तुकड्यात घरात पडलेले प्रेत, दुसऱ्यात अजून काहीच ठाऊक नसलेली दाराबाहेरची माणसे. शोध लागण्यापूर्वीच प्रेक्षकाला सत्य कळलेले असते. वेबरच्या त्रिकोणांचीच ही पुढची पायरी आहे, पण येथे विभाजन एका कुटुंबाचे नसून एका भयग्रस्त शहराचे आहे. चित्रपटाच्या अखेरच्या भागात संशयिताची चौकशी एका पांढऱ्या, रिकाम्या खोलीत होते, तेव्हा हे तुकडे मागे पडतात. शहर पाहून झाल्यावर एका मनात डोकावताना रेघ बाहेर उभी राहून चालत नाही; ती त्या मनातच असते.

ब्रायन द पाल्माने 'सिस्टर्स' मध्ये खुनानंतरचा प्रसंग असाच दुभंगून दाखविला : एका बाजूला पुरावा पुसण्याची धावपळ, दुसऱ्या बाजूला साक्षीदार आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारे पोलीस. 'कॅरी' (१९७६) च्या नृत्यसमारंभातील संहारासाठीही त्याने हेच तंत्र योजिले; पण धावत्या घटनांना ते पेलत नाही, असे आढळल्याने त्यातील बराच भाग आपण संकलनात काढून टाकला, असे त्याने पुढे सांगितले. हा अनुभव उद्बोधक आहे. दोन्ही बाजूंना सारखीच गती असेल, तर डोळा दोहोंपैकी एकीवर स्थिरावतो आणि दुसरी वाया जाते. एक बाजू जेव्हा दुसरीचा अर्थ बदलते, तेव्हाच विभाजन सार्थ ठरते. 'ॲनी हॉल' (१९७७) मध्ये नायक व नायिका आपापल्या मानसोपचारतज्ज्ञाला संबंधांच्या वारंवारितेबद्दल एकच आकडा सांगतात. एकाला तो अत्यल्प वाटतो, दुसरीला अतिरिक्त. विनोद कोणत्याही एका अर्ध्यात नाही, तो रेघेवर आहे. विशेष म्हणजे ही रेघ प्रिंटरवर ओढलेली नव्हती. मध्ये खरी भिंत असलेले नेपथ्य उभारून दोन्ही बाजूंचे चित्रण एकदमच केले गेले होते.

६

संगणकावरील संकलनाने ही परिस्थिती मुळापासून बदलली. 'ॲव्हिड' ही प्रणाली १९८९ मध्ये आणि 'प्रीमिअर' १९९१ मध्ये बाजारात आली. अशा कोणत्याही प्रणालीत विभाजित पडदा तयार करण्याची कृती आता थोडक्यात सांगण्यासारखी आहे : दोन चित्रणे टाइमलाइनवर एकाखाली एक अशा दोन ट्रॅकवर ठेवावयाची, वरच्याचा आकार लहान करावयाचा किंवा कड छाटावयाची, दोघांना आपापल्या जागी सरकवावयाचे आणि कोणाचा आवाज किती ठेवावयाचा ते ठरवावयाचे. तयार साचे उपलब्ध असल्याने एवढेही करावे लागत नाही. चार चौकटींचा फरक दुरुस्त करावयास दिवस लागत, तेथे आता क्षण लागतो.

परंतु या सुलभतेने एक जुनी अडचण मात्र मिटलेली नाही. ती भूमितीची आहे. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा उभ्या रेघेने दुभागला, तर प्रत्येक भाग ९६० बाय १०८० चा, म्हणजे रुंदीपेक्षा किंचित उंच होतो. मूळ आडवे चित्र त्यात पूर्ण बसवावयाचे, तर ते निम्म्या मापाचे करावे लागते. अशी दोन चित्रे मिळून पडद्याचे केवळ अर्धे क्षेत्र व्यापतात आणि उरलेले काळे राहते. भाग पूर्ण भरावयाचा, तर प्रत्येक चित्राची अर्धी रुंदी छाटून टाकावी लागते. म्हणजे दोन ठिकाणी एकदम असण्याची किंमत प्रत्येक ठिकाणी अर्धेच असणे ही आहे. प्रणाली ही किंमत आपोआप वसूल करते. काय गमवावे हे मात्र संकलकालाच ठरवावे लागते. साचा वापरला, की हा निर्णय झाला असल्याचा केवळ भास होतो.

चार समान भागांत मात्र प्रत्येक चित्र आपले प्रमाण राखून बसते. माइक फिगिसचा 'टाइमकोड' (२०००) या चौपदरी रचनेवर उभा आहे. चार डिजिटल कॅमेऱ्यांनी एकाच वेळी सुमारे दीड तास अखंड केलेले चित्रण चार कोपऱ्यांत सलग चालते. संकलनाची एकही कापणी नाही. फिगिसने त्याची आखणी संगीतलेखनाच्या कागदावर केली होती. येथे प्रेक्षक पूर्णतः स्वतंत्र आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात कधी या, तर कधी त्या कोपऱ्याचा आवाज वर येतो आणि डोळा निमूटपणे तिकडे वळतो. कात्रीने सोडलेली सत्ता ध्वनीने हस्तगत केली आहे. वॉरहॉलच्या एका बाजूच्या आवाजातही हाच प्रकार होता. फरक एवढाच, की तेथे ही सत्ता बऱ्याच अंशी प्रक्षेपक चालविणाऱ्याच्या हाती राहिली.

७

साहित्यसमीक्षेने या इतिहासाकडे लक्ष देण्याचे कारण असे, की 'विभाजित पडदा' हे रूपक कादंबरीविषयी बोलताना सैलपणे वापरले जाते. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' (१८५७) मधील कृषिप्रदर्शनाचा प्रसंग हे त्याचे ठरलेले उदाहरण. खाली चौकात अधिकाऱ्यांची भाषणे, वर खिडकीशी रोदोल्फचे एमापुढील प्रेमाराधन. जोसेफ फ्रँकने १९४५ मध्ये आधुनिक साहित्यातील अवकाशात्म रूपाची संकल्पना मांडताना याच प्रसंगाचा आधार घेतला. तथापि, फ्लोबेरने पान दुभागलेले नाही. त्याने दोन्ही भाषणे आळीपाळीने दिली आणि फेऱ्या आखूड करीत नेल्या. अखेरीस खताच्या पारितोषिकाची घोषणा प्रेमाच्या शब्दांना जाऊन चिकटते. हा उपरोध अनुक्रमातून निष्पन्न झालेला आहे. दोन्ही आवाज खरोखर एकदम ऐकू आले असते, तर कोणते वाक्य कोणत्या वाक्यावर आपटावे, हे लेखकाच्या हाती राहिले नसते.

यावरून दोन्ही माध्यमांतील श्रमविभागणी स्पष्ट होते. कादंबरीत लेखक क्रम देतो आणि समकालिकता वाचकाला मनात बांधावी लागते. विभाजित पडद्यावर समकालिकता दिलेली असते आणि क्रम प्रेक्षकाला लावावा लागतो, कारण डोळा एका क्षणी एकाच ठिकाणी नीट पाहू शकतो. अनुक्रम कोठेही नाहीसा होत नाही. त्याची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. रेघ कोणत्या अटींवर ही जबाबदारी सोपविते, यावर तिचे मूल्य ठरते : वेबरच्या प्रेक्षकाला असहाय करून, 'पिलो टॉक'च्या प्रेक्षकाला सहभागी करून, 'टाइमकोड'च्या प्रेक्षकाला स्वातंत्र्याचा भास देऊन. एखाद्या कादंबरीला विभाजित पडद्याची उपमा देणाऱ्या समीक्षकाने यांपैकी कोणती अट अभिप्रेत आहे, हे सांगणे आवश्यक ठरते.

२०२० च्या साथीच्या काळात चौकोनांत विभागलेला पडदा घरोघरी पोचला आणि रेघेचे नावीन्य पूर्णपणे संपले. त्यानंतरचा, गास्पार नोएचा 'व्होर्टेक्स' (२०२१) हा चित्रपट म्हणूनच लक्षणीय ठरतो. वृद्ध पती-पत्नी एकाच घरात राहतात. पत्नीची स्मृती ढासळते आहे. आणि जवळजवळ संपूर्ण चित्रपट दोन भागांत, दोघांच्या मागे स्वतंत्रपणे फिरत चालतो. शतकापूर्वी रेघेने दूरच्या दोघांना जोडले होते. येथे ती एका छताखालच्या दोघांना तोडते. दोघे एका मेजाशी बसले तरी ती मिटत नाही. पुढे पतीचा मृत्यू होतो आणि त्याची बाजू रिकामी होते. पत्नीचे चित्र मात्र पसरून ती जागा भरून काढीत नाही. आपल्या अर्ध्या भागात ते तसेच चालू राहते. 'इकडे' म्हणणाऱ्या निवेदकाला 'तिकडे' कोणीतरी आहे हे गृहीत धरावे लागते. तसे कोणी उरले नाही, तरी ती जागा राखून ठेवणे कथनाला शक्य आहे काय, हा प्रश्न या रिकाम्या अर्ध्या पडद्याने उभा केला आहे. आणि तो चित्रपटाइतकाच कादंबरीचाही आहे.